नुसतं उभं राहून भागतं का?

आमच्या घरी मिरची कांडपाचं मशीन आहे. मशीन चालू असलं की दारं-खिडक्या कितीही झाका, तिखट कुठून ना कुठून घरात येतंच. फडताळात बसतं, उशीवर बसतं, चहाच्या कपात तरंगतं! शाळेच्या गोष्टींचंही माझ्याकडे तसंच आहे. आमच्या स्वयंपाकघराची भिंत आणि शाळेच्या मैदानाची भिंत एकच, आणि त्या भिंतीत माझी खिडकी. मी मुद्दाम काही ऐकत नाही हो. गोष्टी आपल्या येऊन बसतात!

आमचे हे म्हणतात, "मंगल, तुला शाळेने पगार द्यायला पाहिजे." मी सातवी पास. माहेर म्हसावदचं, तिकडच्या सपाटीवरचं. लग्न होऊन इकडे नवापूरच्या डोंगराकडेला आले, विसरवाडीच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत. तेव्हापासून आमची जिल्हा परिषदेची शाळा मी खिडकीतून पाहतेय. आता आठवीपर्यंत वर्ग आहेत. म्हणजे माझ्या शिक्षणाच्याही एक इयत्ता पुढे गेलीय!

हे सगळे किस्से एकाच वर्षातले आणि सगळे परिपाठाचे. परिपाठ म्हणजे सकाळी घंटा झाली की पोरांनी रांगा करायच्या आणि राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार असं सगळं ओळीने म्हणायचं. एवढ्याशा त्या अर्ध्या तासात काय काय घडतं म्हणून सांगू!

*

त्या जूनमध्ये बोरसे सर नवीन हेडमास्तर म्हणून आले. माणूस सरळ, खिशाला कायम तिरंग्याचा बिल्ला. धुळ्याकडचे, त्यामुळे रागावले की मराठीतून अहिराणीत घसरायचे. राष्ट्रगीताच्या बाबतीत तर इतके कडक, की आल्या आल्या दोन स्पीकर लावून घेतले. एक मैदानाकडे, दुसरा गावाकडे! राष्ट्रगीत लागलं की गाव जागच्या जागी उभं. माझी तव्यावरची भाकरी रोज एका बाजूने करपायची. हे ताटात बघून म्हणायचे, "आज देशभक्ती जरा जास्त भाजली गेली!"

एके दिवशी सरांना उशीर झाला. काळीपिवळी जीप खच्चून भरलेली, सर मागच्या पायरीवर दांडा धरून उभे. जीप शाळेसमोर थांबली, सर एक पाय खाली टाकणार, तोच स्पीकरवर राष्ट्रगीत सुरू! सर पायरीवरच ताठ. दांडा धरलेला हात सोडला तर बाकी सगळे सावधान.

ड्रायव्हर ओरडतोय, "सर, उतरी जा ना! मांगे ट्रक उभा शे!"

सर गप्प. राष्ट्रगीत चालू असताना बोलतील कसे? ड्रायव्हरला वाटलं, सरांना पुढे कुठे जायचं असेल. टाकला त्याने गिअर! अख्खी शाळा राष्ट्रगीत म्हणतेय आणि समोरून हेडमास्तर सावधानमध्ये हायवेकडे चाललेत!

परत आले ते घामाघूम, चालत. मी खिडकीतून विचारलं, "सर, कुठपर्यंत गेला होता?"

सर म्हणाले, "राष्ट्रगीत संपेपर्यंत, ताई."

*

असा माणूस एकदा रांगांमधून फिरायला लागला. राष्ट्रगीत चालू असताना कान पुढे करून प्रत्येकाच्या तोंडापाशी जायचं, आवाज येतो का बघायचं. सातवीच्या रांगेत एका मुलीपाशी थांबले. पुढे गेले, पुन्हा मागे आले. आवाजच नाही!

ती एस्तेर. मार्थाबाईची पोरगी. वरच्या पाड्यावरचं ख्रिस्ती घर, आदिवासी माणसं. मार्थाबाई आमच्याकडेच मिरचीचे डेठ खुडायला येते, म्हणून मी पोरीला लहानपणापासून ओळखते. बारीक, काळीसावळी, दोन वेण्या. पायाला पाय जुळवून अशी ताठ उभी, की भिंतीला ओळंबा लावावा तर तिच्याकडे बघून!

राष्ट्रगीत संपलं. सर म्हणाले, "का वं पोरी, तुन्हा तोंडले कुलूप शे का?"

"नाही सर."

"मग म्हणत का नाहीस?"

"आमच्या घरात फक्त देवाचं गाणं गातात, सर. दुसऱ्या कशाचं नाही. पण मान द्यायला सांगितलंय. म्हणून मी उभी आहे."

अहो, सातवीतली पोर! आवाज कापत होता, पण शब्द एकही गिळला नाही. माझ्या हातातली पळी तशीच हातात.

सरांचा बिल्ला छातीवर वरखाली होत होता. म्हणाले, "नुसतं उभं राहून भागतं का?"

हे त्यांचं वाक्य मग पुढे वर्षभर मी इतक्या वेळा ऐकलं, की आमच्या घरातही चालू झालं. हे जेवायला बसायच्या आधी पाटापाशी घुटमळले की मी म्हणायची, "नुसतं उभं राहून भागतं का?"

*

सर वाईट नव्हते, खरंच सांगते. त्यांनी मार्ग काढायचा प्रयत्न केला. दुसऱ्या आठवड्यात एस्तेरला भिंतीजवळ घेऊन आले, म्हणजे माझ्या खिडकीखालीच! हळूच म्हणाले, "बेटा, तू म्हणू नको. पण ओठ हलव. नुसते ओठ. लांबून कोणाला कळतंय? तुझा देव खूश, मी पण खूश!"

मला तर ही युक्ती इतकी आवडली! आरतीत मी आयुष्यभर दुसरं काय केलंय? पहिली ओळ जोरात आणि मग नुसते ओठ!

एस्तेर खाली बघून म्हणाली, "सर, ते खोटं होईल ना?"

"त्यात काय खोटं?"

तिने मान वर करून फळ्याकडे बघितलं. फळ्यावर सरांच्याच सुंदर अक्षरात त्या दिवसाचा सुविचार होता, ‘नेहमी खरे बोलावे, खरे वागावे.’

सरांनीही बघितलं. मग शिपायाला हाक मारली, "अरे, तो फळा पूस रे!"

*

आता दुसऱ्या बाजूचा नमुना ऐका. आठवीतला पिंट्या. आवाज असा, की स्पीकर नसता तरी चाललं असतं. राष्ट्रगीत म्हणताना त्याच्या मानेच्या शिरा फुगायच्या. सरांनी खूश होऊन त्याला परिपाठप्रमुख केला, छातीला बिल्ला लावला आणि आठवीची रांग त्याच्या ताब्यात दिली. "याले म्हणतस देशभक्त!"

राष्ट्रगीतानंतर प्रतिज्ञा. उजवा हात समोर लांब करायचा असतो. पिंट्याचा हात लांब झाला आणि त्याच हाताने त्याने बाजूच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या एस्तेरची वेणी पकडली! तोंडाने मोठ्याने, "सारे भारतीय माझे बांधव आहेत!" आणि ‘बांधव’वर वेणीला असा हिसका, की पोरीच्या डोळ्यांत पाणी!

मी खिडकीतून ओरडले, "ए बांधवा! सोड तिची वेणी!"

पिंट्याने वेणी सोडली. सर माझ्यावरच चिडले. "ताई, प्रतिज्ञा चालू असताना बोलू नये!"

*

मिरचीचे डेठ खुडायला बसलं की एक नियम आहे, तोंड मिटून बसायचं. तोंड उघडलं की ठसका लागलाच. आमच्या पडवीत बायका ओळीने बसतात, नाकातोंडाला फडकं, सगळ्या मुक्या. माझा जीव जातो हो! मी पाच मिनिटं बोलल्याशिवाय राहू शकत नाही, म्हणून सगळ्यांत जास्त शिंका माझ्या. मार्थाबाईच्या बाजूला शाळा सुटली की एस्तेर येऊन बसते. लहानपणापासूनची सवय, बोटं चालतात, तोंड बंद.

एकदा मी ठसके देत देतच मार्थाबाईला विचारलं, "काय वं बाई, एवढ्याशा गोष्टीसाठी कसाले भांडण? म्हणू दे ना पोरीला!"

तिने फडकं खाली केलं. म्हणाली, "मी तिला कधी म्हटलं नाही, म्हणू नको. चर्चच्या मंडळीत शिकली, घरी आली, म्हणाली, आई, मला पटलं. आता पटलेलं मी कसं काढू? मिरचीचा डेठ आहे का तो?"

मग हळूच म्हणाली, "सरांनी तिच्या बापाला निरोप दिलाय. मी नाव काढत नाही म्हणाले, तसा कायदा नाही. तुम्हीच दाखला मागून घ्या म्हणाले. दुसरी शाळा बघा."

दुसरी शाळा कुठे आहे जवळ? तिचा बाप दिवाळी झाली की गुजरातेत ऊसतोडीला जातो. दर वर्षी मार्थाबाई पण जायची. दोन वर्षांपासून मागे राहते, ती फक्त पोरीच्या शाळेसाठी. दाखला हातात आला, की पोर थेट उसाच्या फडात. मोळ्या बांधायला. मग कुठली आठवी आणि कुठली दहावी!

मार्थाबाईने फडकं पुन्हा वर बांधलं. त्या दिवशी मी पण बोलले नाही. आणि गंमत बघा, एक शिंक आली नाही!

*

शाळेत एक ज्योतीमॅडम आहेत. नव्या नोकरीच्या, स्कूटीवरून येतात, कुणाला घाबरत नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांचं आणि सरांचं असं जुंपलं, की मला खिडकी उघडायचीही गरज पडली नाही.

मॅडम म्हणाल्या, "सर, सुप्रीम कोर्टाने हे कधीच सांगून ठेवलंय. अगदी अशीच केस होती. मुलं आदराने उभी राहिली, गायली नाहीत, म्हणून शाळेतून काढता येत नाही. मोबाइलवर दाखवू का?"

सर म्हणाले, "मॅडम, कोर्ट तिकडे दिल्लीला. परिपाठ मला इकडे घ्यायचाय!"

"मग प्रास्ताविका कशाला म्हणून घेता रोज? त्यात काय लिहिलंय?"

"मला पाठ आहे!"

"पाठ आहे सर. म्हणूनच विचारतेय."

दुसऱ्या दिवशी प्रास्ताविका सर स्वतः सांगायला उभे राहिले. ते एक तुकडा म्हणणार, मागून पोरं म्हणणार. न्याय झाला. मग आलं, "विचार, अभिव्यक्ती..." आणि सरांची नजर गेली एस्तेरवर! पुढचे शब्द काय? विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य! सर क्षणभर अडले. मग काय मनात आलं कोण जाणे, तो तुकडा गाळून एकदम ‘दर्जाची व संधीची समानता’वर उडी मारली!

पण पोरांना कुठे थांबता येतं? रोजची सवय! तोंडं आपोआप पुढे चालली. अख्खी शाळा एका सुरात, "विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य!" सगळ्यांत मोठा आवाज पिंट्याचा! म्हणाला, "सर, तुम्ही विसरला!"

*

शेवटी प्रकरण शाळा समितीपुढे गेलं. मीटिंग शाळेच्या ओट्यावर. मला बोलावलं नव्हतं, पण माझं वाळवण त्याच वेळी भिंतीवर टाकायचं होतं, त्याला मी काय करणार!

अध्यक्ष दगाभाऊ. पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि गालात कायम तंबाखू. बाकीच्या मेंबरांच्याही गालात कुठे सुपारी, कुठे गुटखा. दगाभाऊ मान वर करून, म्हणजे आतलं सांडू नये अशा बेताने बोलत होते, "देशात राहायचं तर राष्ट्रगीत म्हटलंच पाहिजे! जो म्हणत नाही, तो आपला नाही!" मेंबर सगळे "हूं! हूं!" त्यांनाही तोंड उघडायची सोय नव्हती.

बाजूला मार्थाबाई उभी, पदर दोन्ही हातांत पिळत. एस्तेर तिला चिकटून.

सरांची पद्धत अशी, की प्रत्येक मीटिंगची सुरुवात राष्ट्रगीताने. त्या दिवशी गडबडीत राहिलं होतं. एकदम आठवलं. "थांबा, आधी राष्ट्रगीत!" आणि बटण दाबलं.

सगळे उभे राहिले. आणि समितीतल्या एकाचाही आवाज नाही! म्हणणार कसे? थुंकायला वेळच मिळाला नाही! राष्ट्रगीत चालू असताना थुंकता येत नाही आणि तोंडात ते असताना म्हणता येत नाही! दगाभाऊंचे गाल फुगलेले, डोळे बाहेर, सगळी समिती ओठ घट्ट मिटून सावधान. ओट्यावर आवाज फक्त दोघांचा, सरांचा आणि ज्योतीमॅडमचा.

संपल्याबरोबर सगळे भिंतीकडे पळाले!

मी वरून म्हटलं, "काय हो दगाभाऊ, नुसतं उभं राहून भागतं का?"

ज्योतीमॅडम रजिस्टर तोंडावर धरून हसत होत्या. मार्थाबाईचेही ओठ हलले. पण ज्याचं हसू झालं तो माणूस जास्तच अडतो. दगाभाऊ तोंड पुसत आले आणि म्हणाले, "ठरलं! सव्वीस जानेवारीला विस्तार अधिकारी साहेब येणार आहेत. पोरगी साहेबांसमोर पहिल्या रांगेत उभी राहील आणि म्हणेल. नाही म्हटली, तर दुसऱ्या दिवशी आईने दाखला मागायचा. काय सर?"

सरांनी खिशावरचा बिल्ला उगाच सरळ केला. मग म्हणाले, "हो."

घरी येऊन मी यांना सांगितलं. हे भाकरी मोडत म्हणाले, "पोरगी म्हणेल का?"

मी म्हटलं, "जी ओठ हलवायला तयार नाही, ती म्हणेल?"

त्या दिवशी भाकरी करपली नव्हती, तरी आम्हां दोघांना गोड लागली नाही.

*

आणि आता सव्वीस जानेवारी!

आदल्या दिवशी संध्याकाळी शाळेत ही धांदल. मैदान झाडलं, चुना मारला. झेंड्याच्या ओट्याभोवती सरांना भली मोठी तिरंगी रांगोळी हवी होती. हिरवा रंग होता, पांढरी रांगोळी होती. केशरी काढायला गेले तर पुडा ओला होऊन दगड झालेला! दुकानं बंद व्हायची वेळ, नवापूरला जाऊन कोण आणणार?

सर भिंतीपाशी आले. "ताई, घरात हळद असेल ना?"

"आहे की."

"आणि मशीनखालचं झाडलेलं तिखट?"

मी म्हटलं, "आहे घमेलंभर. पण कशाला?"

सरांचे डोळे चमकले. "हळद अधिक तिखट म्हणजे केशरी! एक नंबर!"

"अहो सर, ते तिखट आहे, रंग नाही!"

"ताई, रांगोळी कोण चाखणार आहे?"

झालं! घमेलं भिंतीवरून पलीकडे गेलं. आणि खरं सांगते, रंग असा जमला, की विकतचा केशरी फिका पडावा. सर दहा वेळा लांब जाऊन बघून आले. म्हणाले, "आता फक्त उद्या वारा पाहिजे, ताई. वारा नसला की झेंडा लोंबत राहतो. साहेबांसमोर फडकायला पाहिजे!"

सकाळी साहेब आले. जाकीट, रुमाल, मागे मोबाइलवाला माणूस. दगाभाऊ टोपीला नीळ देऊन हजर, आज गाल रिकामा! गावातली माणसं भिंतीकडेने. मार्थाबाई माझ्या शेजारी. मी तिचा हात धरून ठेवला. पहिल्या रांगेत मधोमध एस्तेर, तिच्या एका बाजूला बिल्ला लावलेला पिंट्या. सगळ्या मैदानाला माहीत होतं, आज काय ठरणार आहे. माहीत नव्हतं ते फक्त साहेबांना.

पान हलत नव्हतं. सर वर बघत होते.

साहेबांनी दोरी ओढली. फुलं पडली. आणि त्याच क्षणाला डोंगराकडून वारा सुटला! काय सांगू, झेंडा फडाफडा फडकायला लागला. सरांचा चेहरा असा फुलला! "राष्ट्रगीत सुरू कर!" स्पीकर लागला, सगळ्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि तोंडं उघडली...

आणि वाऱ्याने रांगोळी उचलली!

पहिला ठसका साहेबांना. मग पिंट्याला! त्याने तर सगळ्यांत मोठा आ केला होता, त्यामुळे सगळ्यांत जास्त तिखट त्याच्याच घशात. तो खोकत खोकत नळाकडे पळाला. मग पहिली रांग, दुसरी रांग, सगळी शाळा! कोणी वाकलंय, कोणी डोळे चोळतंय, चोळलं की आणखी झोंबतंय! दगाभाऊ ओट्याला धरून "आक् छी! आक् छी!" ज्योतीमॅडम ओढणीत. मी अख्खा पदर तोंडात कोंबला, तरी शिंका थांबेनात. बोरसे सर लाल टोमॅटोसारखे होऊन सावधानमध्ये थरथरत होते. एक शिंक दाबली, दुसरी दाबली, तिसरीला मात्र कंबरेत वाकले. आणि स्पीकर? तो आपला चालूच! राष्ट्रगीत चालू आणि मैदानात म्हणणारं कोणी नाही, उभं राहिलेलं कोणी नाही.

कोणी नाही कसं! मधोमध एस्तेर.

पायाला पाय, हात बाजूला, मान सरळ. डोळ्यांतून घळाघळा पाणी, गालांवर केशरी ओघळ. ओठ मिटलेले. नाकाने हळूहळू श्वास, पडवीत बसते तशी. शेवटच्या सुरापर्यंत पोर हलली नाही!

स्पीकर थांबला. वारा पण पडला. फक्त खोकल्याचे आवाज. साहेब नाकाला रुमाल लावून डोळे किलकिले करत पुढे आले आणि थेट तिच्यासमोर थांबले.

"नाव काय बेटा तुझं?"

"एस्तेर, साहेब."

"आम्ही मोठी माणसं वाकलो. तू कशी हलली नाहीस?"

मार्थाबाईची नखं माझ्या मनगटात रुतली. ही पोर खोटं बोलत नाही, हे अख्ख्या गावाला माहीत!

"माझं तोंड मिटलेलं होतं, साहेब."

"मिटलेलं? का? तू राष्ट्रगीत म्हणत नव्हतीस?"

"नाही साहेब. मी म्हणत नाही. मी मान देते. उभी राहते."

साहेबांचा रुमाल नाकावरच राहिला. ते सावकाश वळले. "काय हो बोरसे? ही राष्ट्रगीत म्हणत नाही, आणि ते तुम्हाला माहीत आहे?"

दगाभाऊंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ठसकाच बाहेर आला.

बोरसे सर तसेच उभे. डोळे लालभडक, नाक वाहतंय, खिशावरच्या बिल्ल्यावर तिखट. त्यांनी विस्कटलेल्या रांगोळीकडे बघितलं. नळाखाली डोकं धरलेल्या पिंट्याकडे बघितलं. वाकलेल्या सगळ्या शाळेकडे बघितलं. मग एस्तेरकडे बघितलं. ती अजून सावधानमध्येच होती, कारण कोणी तिला सांगितलंच नव्हतं.

सर पाठ सरळ करून खणखणीत आवाजात म्हणाले, "एस्तेर, विश्राम!"

तिने पाय सोडले, गाल पुसले.

मग सर साहेबांकडे वळले.

"माहीत आहे, साहेब. आणि नुसतं उभं राहूनही भागतं!"